औषधदान आणि ज्ञानदान : आमवाताच्या उपचाराचा इतिहास

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान हे ज्ञानदानावाचून अपुरे ठरते, याची साक्ष आमवाताच्या उपचाराचा इतिहास देतो.

आयुर्वेदाच्या ‘माधवनिदान’ ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीत आज ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या व्याधीस तेच नाव रूढ झाले आहे. युरोपात सांधेदुखी म्हणजे श्रीमंत पुरुषांचा ‘गाउट’ असा समज होता. सन 1800 मध्ये पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे यांनी गरीब स्त्रियांत दिसणारी व्याधी निराळी असल्याचे नोंदविले. पुढे 1859 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी तिला आजचे इंग्रजी नाव दिले. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे मात्र विसाव्या शतकातच उमगले.

सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन दिले. चालणेही दुरापास्त झालेली ती रुग्णा काही दिवसांतच चालू लागली. 1950 साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध दीर्घकाळ दिल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, हेही लवकरच दिसून आले. चमत्काराची किंमत रुग्णांच्या देहाने मोजली.

स्थायी दिलासा दुसऱ्या वाटेने आला, आणि त्या वाटेवर एका भारतीयाचे पाऊल आहे. आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लविरोधी औषधे तयार झाली. मूळ हेतू कर्करोगाचा. पण त्याच कुळातील मेथोट्रेक्झेटला 1988 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. रक्त व यकृत यांची वेळोवेळी तपासणी आवश्यक ठरते. स्वतंत्र संधिवात-चिकित्सालयाची गरज येथेच स्पष्ट होते.

महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये भिगवण येथे घरोघरी पाहणी केली. दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास आमवात आढळला. म्हणजे ही व्याधी केवळ शहराची वा सधनांची नव्हे.

तरीही ‘वयाचा वात’ म्हणून घरोघरी दुखणे अंगावर काढले जाते. विशेषतः घरातील स्त्री बोटे वाकडी होईपर्यंत बोलत नाही, आणि वाकलेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही. सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडणे, दोन्ही हातांची बोटे सुजणे, ही लक्षणे दिसताच तज्ज्ञाकडे नेणे हेच खरे औषधदान होय. दवाखान्यात गोळी देणाऱ्या हाताबरोबर समजावून सांगणारी वाणीही असावी. दोन्ही दाने एकत्र आली, तरच रुग्णास वेदनेच्या भयापासून अभय लाभेल.