पुढाऱ्याची वाणी : नामदार गोखल्यांच्या माफीपत्राचा धडा

आपल्या या नव्या मुंबईच्या आणि जुन्या मुंबईच्या मध्ये बंदराचे पाणी आहे. त्या बंदरात ३० जुलै १८९७ रोजी विलायतेहून एक आगबोट आली. तिच्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील एक प्राध्यापक होते. वय अवघे एकतीस. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. ते उतरण्यापूर्वीच मुंबईचे पोलीस कमिशनर बोटीवर येऊन त्यांना भेटले. विलायतेत तुम्ही जे बोललात त्याला पुरावा काय, एवढेच सरकारला हवे होते. पुरावा गोखल्यांपाशी नव्हता.

पुढाऱ्याने बोलावे कसे, हे शिकविणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, श्रोत्यांकडे कसे पाहावे, हे सारे त्यांत सापडते. परंतु बोलणाऱ्याने स्वतःला कितपत ओळखले आहे, हा प्रश्न त्यांत बहुधा उशिरा येतो. आमच्या मते तो पहिला प्रश्न आहे. म्हणून आज आम्ही वक्तृत्वाचे नियम सांगत बसणार नाही. गोखल्यांच्या आयुष्यातील हे एकच प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहोत.

१८९७ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत वेल्बी कमिशन बसले होते. डेक्कन सभेच्या वतीने गोखले तेथे साक्ष द्यायला गेले. त्या साक्षीची तयारी पाहण्यासारखी आहे. गोखले गणिताचे शिक्षक, आकडेमोडीत वाकबगार. तरी आपल्या ज्ञानाची कुंपणे त्यांना ठाऊक होती. न्यायमूर्ती रानडे आणि रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी या दोघा जाणत्यांकडून त्यांनी आपले टिपण तपासून घेतले होते. त्यामुळे कमिशनच्या सभासदांनी उलट-सुलट प्रश्न विचारले तरी हा तरुण डगमगला नाही. जे ठाऊक होते ते ठामपणे सांगितले, आणि जे सांगितले त्याला आधार होता.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगने कहर केला होता. रँड साहेबाच्या कमिटीने घरोघर तपासणीसाठी गोरे सोल्जर धाडले. देवघरात आणि माजघरात बुटांनिशी शिरणे, सामान बाहेर फेकणे, बायकामाणसांचा मुलाहिजा न राखणे, अशा तक्रारींनी शहर पेटले होते. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. इकडे पुण्याहून स्नेह्यांची पत्रे विलायतेला गोखल्यांच्या हाती पडत होती. सोल्जरांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, असा मजकूर त्या पत्रांतून आला होता. गोखल्यांचे मन कळवळले. त्यांनी ती हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला दिली आणि पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही सांगितली.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप साफ खोटे ठरविले. गोखले परत येईतो पुण्याचे दिवस फिरले होते. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना अटक झाली होती, नातू बंधू स्थानबद्ध झाले होते. पत्र लिहिणाऱ्यांनी, आमची नावे फोडू नका, अशी विनवणी केली; अशा दिवसांत दुसरे ते काय म्हणणार? गोखल्यांनी नावे फोडली नाहीत. मग उरले दोनच मार्ग : सिद्ध न होणारा आरोप धरून बसणे, किंवा तो मागे घेणे. रानडे व फिरोजशहा मेहता यांचा विचार घेऊन गोखल्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाहीर पत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोल्जर या सर्वांची क्षमा मागितली.

या माफीने पुणे खवळले. टिळक तुरुंगात असताना यांनी सरकारपुढे मान तुकविली, असे लोक उघड म्हणू लागले. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तेथेही ही नाराजी लपून राहिली नाही. लोकांचा हा राग अगदीच अस्थानी होता असे आम्ही म्हणणार नाही. एक विशिष्ट आरोप सिद्ध झाला नाही, म्हणून पुणेकरांनी सोसलेला छळ खोटा ठरत नाही. सोल्जरांची सरसकट क्षमा मागण्याची गरज होती काय, याविषयी आजही दोन मते होऊ शकतील. परंतु आरोप मागे घेण्याविषयी दोन मते होऊ नयेत. जी गोष्ट आपण पाहिली नाही, पारखली नाही, ती पाहिल्यासारखी सांगितली गेली, हे एकदा ध्यानात आल्यावर तसे कबूल करणे हाच सचोटीचा मार्ग होता.

आता या दोन प्रसंगांची तुलना करा. माणूस तोच, देश तोच, अंतर केवळ काही महिन्यांचे. कमिशनपुढे बोलताना गोखल्यांना आपले ज्ञान कोठे संपते हे ठाऊक होते. प्लेगविषयी बोलताना कळवळ्याने ती रेषा पुसून टाकली. ऐकीव गोष्ट आणि जाणलेली गोष्ट यांत फरक उरला नाही. पत्रांची शहानिशा करावी म्हटले तर पुणे समुद्रापलीकडे होते. दोष दुष्टपणाचा नव्हता, उतावळेपणाचाही पुरता नव्हता. आपल्या मनात या घडीला काय चालले आहे, हे पाहायचे राहून गेले, एवढाच तो दोष. पण त्याची किंमत गोखल्यांच्या एकट्याच्या पदरी पडली नाही. शाबीत न होणारी एक गोष्ट बोलली गेली, की तिच्या आडून शंभर खऱ्या तक्रारी नाकारायला सत्ताधाऱ्याला सोपे जाते. पुण्याच्या तक्रारींचे तसेच झाले.

पुढे गोखल्यांनी काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. ते रुसून घरी बसले नाहीत. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक होऊन ते लोकांत हिंडले. ज्या विषयावर दुरून बोलले होते, तो विषय आता डोळ्यांनी पाहिला. १८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले, आणि २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारची तिजोरी वर्षानुवर्षे शिलकेत आहे आणि रयत मात्र दुष्काळाने व प्लेगने गांजली आहे; तेव्हा ही शिलक भरभराटीची खूण नसून कराच्या जादा ओझ्याची आहे, असे त्यांनी सरकारच्याच हिशेबांतून दाखवून दिले. आवाज चढविला नाही, विशेषणे वापरली नाहीत. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर नव्हे. परंतु त्या भाषणांची सरकारला दखल घ्यावी लागे, यात शंका नाही. पाच वर्षांपूर्वी ज्याला पुरावा मागून गप्प केले होते, त्याच्या पुराव्याला आता सहजी उत्तर सापडत नव्हते.

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी लावून दिली. देशापुढे उभे राहण्याआधी देश पाहा आणि स्वतःला पाहा, असाच तिचा अर्थ आम्ही घेतो. पुढे ९ जानेवारी १९१५ रोजी याच बंदरात दक्षिण आफ्रिकेहून गांधीजी उतरले. गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले, की एक वर्षभर देश हिंडावे, ऐकावे, राजकारणावर जाहीरपणे बोलू नये. १९ फेब्रुवारीला गोखले वारले, तरी गांधीजींनी ते वचन पाळले. आमची अशी समजूत आहे, की त्या सल्ल्यामागे १८९७ च्या जुलै महिन्याची आठवण असली पाहिजे.

वसंत ऋतूतील व्याख्यानांची ही प्रथा पुण्यात १८७५ साली ज्या रानड्यांनी पाडली, त्यांचेच गोखले शिष्य. म्हणून या व्यासपीठावर त्यांचे स्मरण उचित आहे. आणि या शहरात तर अधिकच. १९७० पासून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले. येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले आगरी-कोळी आहेत, घाटावरून आलेले आहेत, परप्रांतांतून आलेले आहेत. गावठाणाच्या सभेत असो की सोसायटीच्या बैठकीत, कोणी तरी उभा राहतो आणि म्हणतो, “सर्वांचे म्हणणे असे आहे.” ते सर्व कोण, त्यांतल्या किती जणांना आपण विचारले, आणि आपल्या बोलण्यात त्यांचे दुःख किती व आपला राग किती, एवढे तीन प्रश्न त्याने उठण्यापूर्वी स्वतःला विचारले, तर भाषण कदाचित आखूड होईल. पण त्यातला शब्द मागे घेण्याची पाळी त्याच्यावर सहसा येणार नाही. आणि आलीच, तर तो मागे घेण्याचे धैर्यही त्याच्यापाशी असेल.