तिजोरीची जागा

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. त्याच्या दोनच वर्षं आधी मुंबईत अर्देशीर गोदरेजांनी तिजोऱ्या बनवायला घेतल्या होत्या. मागाचा पैसा ठेवायला तिजोरी हवीच. तिची जागा वास्तुशास्त्राने ठरते, असं सर्रास सांगतात: नैऋत्येचा कोपरा, उत्तरेला तोंड. मला ते अर्धंच पटतं. दुहेरी पत्र्यात अग्निरोधक मसाला ठासलेली ती पेटी जुन्या घराच्या लाकडी तक्तपोशीवर चढवणं म्हणजे तुळईशी पैज लावणं. म्हणून ती तळमजल्यावर, जाड भिंतीशी. हमाल पहारीने एक कड उचलणार, खाली पाईप सारणार, मागे सुटलेला पाईप पुन्हा पुढे लावणार. उंबऱ्याशी फळ्यांचा उतार. एकदा टेकली की नुसतं तोंड फिरवायलाही तीच माणसं बोलवावी लागतात. कुणी म्हणेल, मग दिशा पाळलेल्या तिजोऱ्या एवढ्या कशा दिसतात? दिशा पाळतातच, पण वजन पेलणाऱ्या कोपऱ्यांतूनच ती निवडायची असते. (शास्त्रही जड वस्तू नैऋत्येलाच ठेवायला सांगतं, ही सोयच.) तळमजल्याला खरा आक्षेप इचलकरंजीजवळच्या पंचगंगेचा. २००५ आणि २०१९च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आगीपासून राखणारी पेटी पाण्यापासून कागद राखेलच असं नाही, आणि पाणी चढत असताना ती माडीवर नेणं कुणाच्या हातचं नसतं.