टिळकनगरचे चर आणि नव्या घराचा संडास

फैजपुरात घर बांधायला काढलेल्या एका स्नेह्यांबरोबर जळगावला सॅनिटरीच्या दुकानात जाण्याचा योग मध्यंतरी आला. प्राध्यापकाच्या पगारात आणि बँकेच्या कर्जात बसणारे घर. त्यामुळे खरेदीची यादी घरून काटेकोर करून आणलेली होती. वरच्या मजल्यावर कमोड, खाली आजींसाठीही कमोडच (गुडघ्यांचा प्रश्न), अंगणाच्या कडेला एक भारतीय पद्धतीचा, पेडेस्टलचे वॉश बेसिन, दोन शॉवर आणि नळ. दुकानदाराने पहिला प्रश्न बजेटचा विचारला आणि मग माल दाखवायला सुरुवात केली. नामांकित कंपनीचा हवा असेल तर हा, परवडणारा हवा असेल तर गुजरातेतल्या थानचा. साधा ओरिसा पॅन आणि भिंतीला टांगलेला कमोड यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर होते. आमचा तासभर वेळ रंगावर गेला, पांढरा की हस्तिदंती. फरशीखाली काय असणार आहे, याविषयी दुकानात कोणी काही बोलले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सुचले नाही.

सुचले ते परतीच्या वाटेवर. गाडी फैजपुरात शिरत होती. ज्या गावच्या शिवारात डिसेंबर १९३६ मध्ये बांबू आणि चटयांचे एक अख्खे नगर उभे राहिले होते, ते हे गाव. आणि त्या नगरात ‘फरशीखालचा’ प्रश्न राष्ट्रीय सभेच्या कार्यक्रमाचाच एक भाग झाला होता.

आधी शब्दांकडे थोडे पाहू. साहित्याच्या विद्यार्थ्याला ती सवय सुटत नाही. या क्रियेसाठी मराठीत जे शब्द रुळले त्यांतले बरेचसे वास्तूचे नसून दिशेचे आहेत. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, रानात जाणे. घराला न्हाणी होती, मोरी होती, पाणी तापवायला बंब आणि विसणाला घंगाळ होते. शौचकूप मात्र घराच्या व्याख्येत बसत नव्हता. जिथे तो होता, तिथे त्याचे एक जुने नाव ‘शेतखाना’. शेताशी त्याचा संबंध नाही. फारसीतल्या ‘सेहतखान्या’चे, म्हणजे आरोग्याच्या जागेचे, ते मराठी रूप. प्रत्येक पिढीने आधीचा शब्द मळला म्हणून नवा धुतलेला शब्द घेतला. शेतखान्यानंतर संडास, मग शौचालय, मग प्रसाधनगृह. काम बदलले नाही, आणि फार काळ ते काम उपसणारे हातही बदलले नाहीत.

गावातला प्रश्न रानाने सोडवला होता. कसब्यांचा आणि शहरांचा प्रश्न माणसाने सोडवला. टोपलीचा संडास ज्यांनी पाहिला आहे, त्यांची पिढी आता मावळतीला आली आहे. उंच चौथरा, त्यावर दोन पावलांची जागा, मध्ये भोक, खाली टोपली किंवा पत्र्याचा डबा, आणि मागच्या बोळीत उघडणारे एक बुटके दार. घरातला माणूस पुढच्या दाराने जाई आणि मेहतर समाजातला पुरुष, बहुधा स्त्रीच, मागच्या दाराने येई. या वास्तुरचनेत दोघांची गाठ पडू नये याची सोय पक्की होती. तिचा खर्च अगदी कमी होता: चार फळ्या, थोडी वीट, एक डबा. मुंबईत या कामापोटी घरमालकांकडून घेतल्या जाणाऱ्या कराचे नाव ‘हलालखोर कर’ होते. परवडणाऱ्या संडासाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी लागेल. तो परवडत होता, कारण त्याच्या किमतीचा मोठा वाटा एका विशिष्ट जातीच्या डोक्यावर होता, आणि हे लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही.

फैजपूरचे अधिवेशन काँग्रेसचे पन्नासावे, आणि खेड्यात भरलेले पहिले. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ या त्याच्या तारखा. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव; स्थानिक आघाडी धनाजी नाना चौधरी यांची, आणि साने गुरुजी त्याच्या तयारीसाठी खानदेशभर फिरलेले. नगराला टिळकनगर नाव दिले होते. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोस यांनी खेड्यातलेच साहित्य वापरून ते सजवले. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. आजही फैजपूर म्हटले की हा रथ, तो मंडप आणि वर अडकलेला ध्वज सोडवायला खांबावर चढलेला शिरपूरचा तरुण, एवढे लोकांना आठवते. आमच्या मराठी विभागात दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी या ध्वजाच्या प्रसंगावर लिहितो. चरांवर लिहिलेले मी अजून वाचलेले नाही.

या मंडपाइतकेच अवघड बांधकाम शौचाच्या व्यवस्थेचे होते. खेड्यात गटार नाही, नगरपालिकेची मेहतरांची फौज नाही, आणि देशभरातून येणारा अफाट जनसमुदाय. शहरातल्या अधिवेशनांत हा प्रश्न भाड्याच्या हातांनी सुटत असे, किंवा सुटतच नसे. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनातल्या घाणीचे वर्णन गांधींनी आत्मकथेत केले आहे. स्वयंसेवकांना सांगितले तर ते काम भंग्याचे म्हणून त्यांनी अंग काढून घेतले, आणि गांधींनी स्वतः झाडू मागून घेतला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी फैजपुरात सफाईची जबाबदारी आली ती आप्पासाहेब पटवर्धनांकडे.

आप्पा १८९४ चे. कोकणातले, सुशिक्षित, ब्राह्मण. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतःला मिळावे अशी मागणी केली होती. तुरुंगाच्या नियमांत जातवार कामांची वाटणी होती आणि सवर्ण कैद्याला हे काम देणे बसत नव्हते. आप्पांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरच्या आरंभी उपवास सुरू केला आणि आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सोडला. मैला उचलण्याची परवानगी मिळावी म्हणून उपोषण! हा प्रसंग वरवर विक्षिप्त वाटतो. पण एखादे काम करण्यास सरकार मनाई करते तेव्हाच ते काम हा धंदा नसून शिक्षा आहे, हे उघडे पडते.

फैजपूरची पद्धत साधी होती. जमिनीत लांब चर, आडोशाला तट्टे, शेजारी खणलेल्या मातीचा ढीग, आणि प्रत्येकाने वरून माती लोटायची. बाकीचे स्वयंसेवकांनी पाहायचे. त्यात चौथरा नाही, डबा नाही, मागचे बुटके दार नाही. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने मला हे मागचे दार नसणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. टिळकनगरात येणारा आणि साफ करणारा एकाच वाटेने जात होते.

इथे थांबून एक आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो टाळून फैजपूरविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच १९३६ मध्ये, काही महिने आधी, डॉ. आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले होते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, खानदेशाच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. पुढे १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधींच्या सफाईविषयक शिकवणुकीवर थेट हल्ला चढवला. हे काम थोर आहे असे सांगून ते जन्माने ज्यांच्या गळ्यात पडले आहे त्यांना त्यातच समाधान मानायला लावणे अन्यायाचे आहे, असा त्याचा आशय. आठवडाभर खराटा हाती धरलेला स्वयंसेवक अधिवेशन संपले की हात धुऊन घरी जातो. मेहतराला घरी जाण्याची सोय नसते; त्याचे घरच त्या कामाने ठरलेले असते.

हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. तरीही आप्पांच्या पुढच्या कामाकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. गौरवीकरणापाशी ते थांबले नाहीत. त्यांनी संडासच बदलायला घेतला. कणकवलीला १९४८ मध्ये गोपुरी आश्रम निघाला आणि तिथे ‘गोपुरी संडास’ घडला. जमिनीच्या वर दोन कप्पे. एक वापरायचा, वरून माती, राख, पालापाचोळा टाकायचा. भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचे खत झालेले असते आणि ते काढताना हाताला मैला लागत नाही. म्हणजे काम वाटून घेण्याऐवजी ते काम शिल्लकच ठेवायचे नाही, हा विचार. आप्पा १९७१ मध्ये गेले. देहू गावात १९५९ पासून डॉ. सुहास विठ्ठल मापुस्करांनी हीच वाट पुढे नेली आणि तिथल्या सफाई-तंत्राच्या संस्थेला आप्पांचेच नाव दिले. २०१७ ची त्यांची पद्मश्री मरणोत्तर होती.

त्या काळात कागदही बरेच झाले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी केली. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे असे तिने सांगितले. पुढे केंद्राची मलकानी समिती आली. कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा कायदा मात्र १९९३ चा. या विषयावर मराठीत काय लिहिले गेले ते पाहायचे असेल तर अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे ‘नरक सफाईची गोष्ट’ वाचावे. आपल्या अभ्यासक्रमांच्या कडेलाही ते सहसा सापडत नाही.

कायद्यापेक्षा मोठी क्रांती केली ती भांड्याच्या आकाराने. पॅनखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी साठून राहते आणि दुर्गंधी अडते, ही युक्ती युरोपात अठराव्या शतकातच सापडली होती. पण तिला नळ, टाकी आणि गटार यांची साथ लागत होती. ग्रामीण पॅनने ती साथ सोडवली. त्याचा उतार अधिक तीव्र, नळीतले पाणी जेमतेम २० मिलिमीटर, आणि दोनेक लिटर पाणी ओतले की काम होते. खाली शेजारी-शेजारी दोन खड्डे. एक भरला की तोंड फिरवायचे, दीड-दोन वर्षांनी पहिल्यातले खत शेतात. गोपुरीच्या दोन कप्प्यांचा विचार इथे पाण्याच्या संडासाला जोडलेला दिसतो. दुकानात मात्र हा ‘रूरल पॅन’ सर्वांत खालच्या फळीवर, धूळ खात असतो. शासनाचे बारा हजार रुपये मिळाले की खेड्यातला माणूसही मोठी सेप्टिक टाकी बांधतो, कारण टाकी जितकी मोठी तितकी ती उपसायची वेळ लांब जाते.

पण ती वेळ येतेच. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे उतरत होती. टोपलीच्या संडासाचे मागचे दार आता जमिनीला समांतर झाले आहे. त्याला आपण चेंबरचे झाकण म्हणतो.

स्नेह्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा गवंडी जोत्यावर बसून वाट पाहत होते. मी दोन खड्ड्यांचा विषय काढला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही, पण अडचण नेमकी सांगितली. तापीकाठची काळी जमीन पाणी लवकर पीत नाही, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्डे करायचे तर मोठे करावे लागतील, बाहेरून वीतभर वाळूचा थर द्यावा लागेल, आणि विहिरीपासून लांब सरकावे लागतील. शिवाय कमोडच्या टाकीचे दर वेळचे पाणी त्यांना झेपणार नाही. आजी ओसरीवर होत्या. त्यांनी विचारले, “मग तो अंगणातला तरी खड्ड्यांवर घेता येईल ना?” गवंड्यांनी खिशातला खडू काढून अंगणात दोन वर्तुळे आखली, पावलांनी विहिरीपर्यंतचे अंतर मोजले, आणि वर्तुळे पुसून थोडी पलीकडे पुन्हा आखली. पॅन बदलून आणायला स्नेही दुसऱ्या दिवशी पुन्हा जळगावला गेले.