कुत्रा कोणाचा? : मुंबईंतील १८३२ चा दंगा

मनुष्यानें ज्या पशूंना आपल्या उंबरठ्याच्या आंत घेतलें, त्यांत कुत्रा हा सर्वांत जुना होय. गाईचें दूध, बैलाचा खांदा, घोड्याची पाठ यांचा मोबदला उघड दिसतो. कुत्रा देतो तें जागरण, आणि जागरणाचा हिशेब ठेवणें अवघड. जसें त्याच्याकडून मिळालेलें मोजणें कठीण, तसेंच त्याच्यापायीं येणारें देणें मोजणेंहि कठीण. त्याला रोज भाकरीचा तुकडा घातला म्हणजे मनुष्याचें कर्तव्य संपलें काय? तो रात्रभर भुंकून शेजाऱ्याची झोंप मोडतो, रस्त्यानें जाणाऱ्या मुलाला चावतो, क्वचित् पिसाळून साऱ्या आळीला भयभीत करतो, तेव्हां जाब कोणीं द्यावयाचा? प्रश्न दिसावयास अगदीं घरगुती आहे. परंतु याच प्रश्नावरून एकदां मुंबईचा बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि सरकारला लष्कर बाहेर काढावें लागलें. ती हकीकत इ. स. १८३२ ची.

त्या वेळीं मुंबईंत कंपनी सरकारचा अंमल होता व अर्ल ऑफ क्लेअर हे गव्हर्नर होते. शहराचे ठळक असे दोन भाग होते. तटबंदीच्या आंतील तो कोट आणि त्याच्या उत्तरेस दाट वस्तीचा तो बाहेरकोट. कोटांत इंग्रजांप्रमाणेंच पारशी व इतर व्यापारीहि राहत. दोन्ही भागांत कुत्रे पुष्कळ होते. कांहीं घरांत बांधलेले असत, कांहीं ओट्यावर पडलेले असत, आणि बहुतेक सारे गल्लीचे असत. गल्लीचा कुत्रा म्हणजे बेवारशी कुत्रा नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. त्याच्या गळ्यांत पट्टा नसे, कोणाच्या वहींत त्याचें नांव नसे. परंतु चार घरें त्याला अन्न घालीत आणि तो चारी घरांची राखण करी. असला कुत्रा कोणाचा, असें विचारलें असतां सर्वांचा म्हणावें लागे. आणि तो चावला असतां मात्र कोणाचाच नाहीं असें उत्तर येई.

सरकारची चिंता निराधार नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश हा त्या काळीं मृत्यूचा दाखलाच होता. दंश झाल्यावर कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिने मनुष्य धडधाकट दिसे. मग एके दिवशीं पाण्याचा घोट घेतांना घसा आवळे, आणि त्यानंतर वैद्य, डॉक्टर, मांत्रिक कोणाचाहि इलाज चालत नसे. उन्हाळ्याच्या तापानें कुत्रीं पिसाळतात, असा समज युरोपांत जुन्या काळापासून रूढ होता. हा रोग उष्णतेनें होत नसून एका विषाणूमुळें होतो व तो दंशावाटे पसरतो, हें आज ठाऊक आहे. तें तेव्हां ठाऊक नव्हतें. म्हणून मुंबई सरकारनें १८१३ च्या नियमान्वयें असें ठरविलें होतें कीं, १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या उकाड्याच्या दिवसांत रस्त्यांत मोकाट सांपडलेलीं कुत्रीं मारून टाकावींत. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें मारणाराला बक्षीस मिळे. १८३२ सालीं या मुदतींत भर घालण्यांत आली आणि मे महिन्यांत थांबावयाची ही मोहीम १५ जूनपर्यंत चालू राहिली.

या योजनेंतील दोष बक्षिसांत होता. ज्याला नगामागें पैसे मिळावयाचे, तो कोणता कुत्रा धोक्याचा आहे हें पाहत नाहीं. कोणता चटकन हातीं लागेल एवढेंच पाहतो. खरोखरीचा मोकाट कुत्रा मनुष्याची चाहूल लागतांच पळ काढतो. पाळलेला, माणसांवर विश्वास टाकणारा कुत्रा मात्र जागचा हलत नाहीं. परिणाम असा झाला कीं, जीं कुत्रीं मारण्याचा नियमाचा उद्देश नव्हता, तींच पुष्कळ वेळां बळी पडूं लागलीं. ज्यांचे मालक होते अशींहि कुत्रीं सुटलीं नाहींत, आणि घरांत शिरून कुत्रीं नेल्याच्या तक्रारी झाल्या. कायद्यानें बेवारशी आणि पाळीव असे दोन वर्ग कल्पिले होते. पण ते ओळखावयाचे कसे, याची कोणतीहि खूण ठरविली नव्हती.

हा प्रकार पारशी समाजाला विशेष लागला. जरथुश्त्री धर्मांत कुत्र्याचें स्थान अगदीं निराळें आहे. मृताच्या देहाकडे कुत्र्याची दृष्टि वळविण्याचा ‘सगदीद’ हा विधि त्यांच्या अंत्यसंस्काराचें एक अंग होय. वेंदिदाद या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणांत मेंढरें राखणारा कुत्रा, घर राखणारा कुत्रा असे भेद सांगितले असून, कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणाऱ्या मनुष्यास शिक्षा सांगितली आहे. त्याहून लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, कुत्र्याला वेड लागलें तर काय करावें, याचाहि विचार तेथें आहे. त्याच्या गळ्यांत लांकडी पट्टा घालून त्याला खांबाशीं बांधावें, आणि धर्मनिष्ठ मनुष्याचा करावा तसा त्याच्यावर उपचार करावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दया आणि बंदोबस्त ही जोडी त्या प्राचीन ग्रंथानें तोडलेली नाहीं. कुत्रा पाळणाराचें कर्तव्य त्यांत दोन्ही बाजूंनीं सांगितलें आहे.

हिंदूंची आणि जैनांची भावना वेगळ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचत होती. जैनांना जीवहत्या मुळांतच निषिद्ध. हिंदूंच्या घरीं कुत्रा सोवळ्याला चालत नाहीं. पण भोजनापूर्वीं कावळ्याकुत्र्यांकरितां अन्न बाजूला काढण्याची रीति आहे. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रे उभे असतात, खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतो, आणि आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें ही कथा घरोघर ठाऊक आहे. तथापि येथें एक भेद दिसतो. अन्न घालणें हें पुण्य मानलें गेलें, परंतु अन्न घातलेल्या कुत्र्याची जबाबदारी अंगावर घेणें हें त्या पुण्याचा भाग मानलें गेलें नाहीं. पुढील सर्व अडचणीचें मूळ या भेदांत आहे.

बुधवार, ६ जून १८३२ हा दिवस पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशीं कोटांत कुत्रीं मारण्याचें काम चालू असलेलें पाहून सुमारें दोनशें पारशांचा जमाव जमला आणि त्यानें दोन युरोपियन शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं गोष्ट एका समाजापुरती राहिली नाहीं. पारशांबरोबर हिंदु आणि जैन व्यापारीहि सामील झाले व बाजारांत कडकडीत हरताळ पडला. कुलाबा हें त्या वेळीं वेगळें बेट होतें. त्याला मुंबईशीं जोडणारा रस्ता १८३८ सालीं पुरा झाला. तेथील छावणीला रोज लागणारें अन्न आणि पाणी शहरांतूनच जात असे, तें बंद पडलें. जमाव पांगेना, तेव्हां दंग्याचा कायदा वाचून दाखविण्यांत आला, लष्कर बोलावण्यांत आलें व कांहीं लोकांना पकडण्यांत आलें.

शिपायांवर हात टाकणें हें समर्थनीय नव्हतें, आणि पारशी समाजांतील प्रतिष्ठित मंडळींनींहि त्याचें समर्थन केलें नाहीं. परंतु त्यांनीं हात झटकले असेंहि नाहीं. पकडलेल्यांविषयीं सौम्यपणा दाखवावा, म्हणून जमशेटजी जिजीभाई यांनीं मध्यस्थी केली. शहरांतील पुढाऱ्यांनीं सरकारकडे अर्ज करून असें सुचविलें कीं, कुत्रीं मारण्याऐवजीं तीं पकडून शहराबाहेर न्यावींत. सरकारनेंहि हट्ट धरला नाहीं. मारण्याऐवजीं बाहेर नेण्याचें धोरण पत्करलें.

तथापि बाहेर म्हणजे कोठें, हा प्रश्न उरलाच. आपल्या दारांतील उपद्रव दुसऱ्याच्या शिवेंत नेऊन सोडणें याला दया म्हणतां येत नाहीं. हें ओळखून जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनीं पुढाकार घेतला आणि १८३४ सालीं भुलेश्वर येथें मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या खर्चाकरितां व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर स्वेच्छेनें लागा बसवून घेतला. दोन वर्षांपूर्वीं ज्या बाजारानें कुत्र्यांसाठीं दुकानें बंद केलीं, त्याच बाजारानें आतां त्यांच्यासाठीं थैली उघडली. दंग्याच्या साऱ्या हकीकतींत हा भाग सर्वांत मोलाचा आहे. मारूं नका असें सरकारला सांगणें सोपें असतें; मग पोसतों आम्ही, असें म्हणून त्याचा खर्च उचलणें अवघड असतें. पांजरापोळ पुढें गाईगुरांची म्हणूनच अधिक प्रसिद्ध झाली. पण तिच्या जन्माला निमित्त झाले ते कुत्रे, हें बहुतेक मुंबईकरांच्या स्मरणांतून गेलें आहे.

इंग्लंडमध्यें हाच प्रश्न मालकाच्या बाजूनें सोडविण्यांत आला. तेथें १७९६ सालीं कुत्र्यांवर कर बसला. १८६७ सालीं पांच शिलिंगांचा परवाना सुरू झाला आणि १८७८ सालीं तो साडेसात शिलिंगांचा झाला. परवाना आला म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागें एक नांव आलें. १८९७ सालीं शेतकी खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनीं, कुत्र्यांच्या तोंडाला मुसकें बांधण्याची सक्ति केली. श्वानप्रेमी मंडळींनीं त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. परंतु बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा नियमहि त्याला जोडला गेला, आणि १९०२ सालापर्यंत तो देश या रोगांतून मुक्त झाला. १९१८ सालीं परदेशांतून चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत आला व १९२२ सालीं पुन्हां नाहींसा झाला. ज्या मुसक्याला क्रूरपणा म्हणून नांवें ठेवण्यांत आलीं, त्यानेंच असंख्य माणसांना व कुत्र्यांनाहि वांचविलें. लाड आणि प्रेम या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा तेथील मालकांना कडवटपणें शिकावा लागला.

दरम्यान शास्त्रानें मोठें पाऊल टाकलें होतें. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली व तो वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें आणि १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्या. तत्पूर्वीं १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २८९ व्या कलमानें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून दुसऱ्याच्या जीवाला धोका होऊं नये अशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच तत्त्व २९१ व्या कलमांत आलें असून दंडाची मर्यादा पांच हजार झाली आहे. पण कलमांतील ‘ताब्यांतील’ हा शब्द पाहावा. ज्याच्या ताब्यांत कुत्रा आहे तो सांपडतो. जो नुसतें अन्न घालून आंत जातो तो सांपडत नाहीं. १८३२ ची गांठ येथेंहि सुटलेली नाहीं.

२००१ च्या केंद्रीय नियमांनीं मोकाट कुत्र्यांची सरसकट हत्या बंद करून, त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना मूळ जागीं सोडावें, असें ठरविलें. २०२३ सालीं त्यांची जागा नव्या नियमांनीं घेतली. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांतील कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याची आज्ञा केली, तेव्हां देशभर वाद माजला. २२ ऑगस्ट रोजीं त्या आज्ञेंत फेरफार होऊन, पिसाळलेलीं व आक्रमक कुत्रीं वगळून बाकीचीं नसबंदी व लस यांनंतर परत सोडावींत आणि अन्न घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असें सांगण्यांत आलें. मारावें, बाहेर न्यावें, कोंडावें कीं सांभाळून सोडावें, हे चारी पक्ष १८३२ च्या मुंबईला अगदींच अपरिचित वाटले नसते. फक्त लस हें साधन त्या काळच्या लोकांजवळ नव्हतें. माणसांना होणाऱ्या या रोगांपैकीं शेंकडा ९९ पर्यंत प्रसंगीं तो कुत्र्यापासून येतो, आणि वस्तींतील शेंकडा ७० कुत्र्यांना लस टोचली तर त्याची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकें सोपें साधन हातीं असतांना एखादें मूल या रोगानें दगावावें, याचा दोष कुत्र्याच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं.

यांतून कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाची कर्तव्यें आपोआप निघतात. वर्षानुवर्षें वेळेवर लस टोचणें, जेथें परवाना लागतो तेथें तो काढणें, गळ्यांत पट्टा व बिल्ला असल्याशिवाय त्याला बाहेर न नेणें, गर्दींत दोरी हातांतून न सोडणें, रस्त्यावर त्यानें केलेली घाण स्वतः उचलणें, पिलें नको असतील तर तीं होऊं न देणें, आणि म्हातारपणीं त्याला दूर नेऊन सोडून न देणें. कोणालाहि तो चावलाच तर जखम साबणपाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्या मनुष्याला ताबडतोब इस्पितळांत नेणें, हेंहि मालकाचेंच काम. गल्लींतील कुत्र्याला अन्न घालणारांवर यांतील निम्मा तरी भार येतो. निदान ज्याला आपण पोसतों त्याला लस टोचली आहे कीं नाहीं, एवढी चौकशी त्यांनीं करावयास हवी.

१८३२ च्या जून महिन्यांत दोन्ही पक्षांजवळ सत्याचा एकेक तुकडा होता. मनुष्याचा जीव राखला पाहिजे, हें सरकारचें म्हणणें खरें होतें; मुक्या प्राण्याला बक्षिसाच्या लोभानें मारूं नये, हें शहराचें म्हणणेंहि खरें होतें. ते दोन तुकडे जुळले ते दंग्याच्या दिवशीं नव्हे, तर पांजरापोळीच्या वहींत व्यापाऱ्यांनीं आपापली वर्गणी लिहिली त्या दिवशीं. कुत्रा कोणाचा, याचें उत्तर त्या वहीनें दिलें. जो त्याच्यासाठीं कांहीं सोसावयास तयार आहे, त्याचा.