सात वादक, एक वाचक आणि एक सैतान

मागच्या व्याख्यानात आपण ऑर्केस्ट्रा कसा वाढत गेला ते पाहिलं. १९१० साली म्युनिकमध्ये मालरची आठवी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा वादक आणि गायक मिळून हजारच्या आसपास माणसं होती. आज त्याच्या उलट टोकाला जायचं आहे. आठच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९१८ ला, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात एक प्रयोग झाला. त्यात सात वादक, गोष्ट वाचून दाखवणारा एक जण, मोजके नट आणि नर्तक, आणि मागे रंगवलेले पडदे. एवढाच सरंजाम. नाव 'सैनिकाची गोष्ट'. संगीत इगोर स्ट्राविन्स्कीचं, शब्द रामु या लेखकाचे.

चेंबर म्युझिक म्हणजे मूळचं दिवाणखान्यातलं संगीत, मूठभर वादकांचं. आपल्याकडे बैठकीचं गाणं म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं. अशा संगीताला गोष्ट, बोललेला शब्द आणि चित्र यांची जोड द्यायची कल्पना हल्ली पुष्कळ दिसते. आणि दरवेळी म्हटलं जातं की या कला 'एकजीव' झाल्या. या एकजीव शब्दाशी आमचं थोडं भांडण आहे. लोझानच्या त्या प्रयोगाचं बळ नेमकं कशात होतं, ते पाहिलं की भांडण कशासाठी ते कळेल.

आधी परिस्थिती बघा. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि स्ट्राविन्स्की स्वित्झर्लंडमध्ये अडकला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातल्या मिळकतीचं उत्पन्न बंद झालं. प्रकाशक बर्लिनला, म्हणजे तोही तुटलेला. ज्या दियाघिलेवच्या नृत्यकंपनीसाठी तो लिहायचा, ती स्वतःच जेरीला आलेली. पाच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये शंभराच्या आसपास वादकांचा ताफा घेऊन खळबळ उडवणारा हा माणूस आता बायकामुलांना घेऊन मोर्जसारख्या लहान गावात राहत होता. रामुची स्थिती काही फार वेगळी नव्हती. तेव्हा दोघांनी ठरवलं, गावोगाव नेता येईल असं काहीतरी करू. सामान कमी, माणसं कमी, कुठल्याही सभागृहात मांडता येईल असं. खर्च उचलला विंटरटूरच्या वर्नर राइनहार्टनं. तो श्रीमंत व्यापारी घराण्यातला होता आणि हौसेनं क्लॅरिनेट वाजवायचा. ही क्लॅरिनेट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

रामु कादंबरीकार. नाटक लिहिणं हा त्याचा प्रांत नव्हता. तो म्हणाला, मी गोष्टच लिहितो, ती कुणीतरी वाचू दे. कथा घेतली अफनास्येवच्या रशियन लोककथांच्या संग्रहातून. प्रयोगाच्या नावाखाली त्यांनी लिहिलं ते असं, की ही गोष्ट वाचायची, खेळायची आणि नाचायची. तिन्ही क्रियापदं वेगवेगळी ठेवली.

कथा थोडक्यात सांगतो. रजेवर घरी निघालेल्या सैनिकाला वाटेत सैतान भेटतो. सैनिकाकडे एक स्वस्तातलं व्हायोलिन असतं. सैतान म्हणतो, हे मला दे, मी तुला एक पुस्तक देतो. त्या पुस्तकात उद्याचे बाजारभाव आजच छापलेले असतात! सौदा होतो. सैनिक तीन दिवस सैतानाचा पाहुणा होतो आणि गावात परततो तर तीन वर्षं उलटलेली. त्याला पाहून लोक भूत समजून दारं लावून घेतात. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलाबाळांची झालेली. मग पुस्तकाच्या जोरावर अमाप पैसा येतो आणि त्याचा वीटही येतो. युद्धात नफेखोरी जोरात असलेल्या त्या वर्षी लोझानच्या प्रेक्षकाला हे पुस्तक काय आहे, हे समजावून सांगावं लागलं नसणार.

आता मांडणी. मधोमध लहानसं स्टेज. एका बाजूला टेबलाशी बसलेला वाचक, दुसऱ्या बाजूला वादक. सगळे उघड्यावर. स्ट्राविन्स्कीचं मत असं होतं की डोळे मिटून संगीत ऐकण्यात अर्थ नाही. वादकाचे हात, त्याच्या हालचाली दिसल्या पाहिजेत. कीर्तन ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पेटीवाला आणि तबलजी बुवांच्या मागे बसलेले आपल्याला दिसतातच, आणि बुवा मध्येच त्यांच्याकडे वळून बोलतातही. युरोपात मात्र त्या काळी हे असं नव्हतं. १९१२ साली बर्लिनमध्ये शोनबर्गचं 'पिएरो ल्युनेर' झालं. एकवीस कविता, पाच वादक, आणि धड गाणं नाही, धड बोलणं नाही अशा स्वरात त्या म्हणणारी आल्बर्टिन त्सेमं. ती वेशभूषा करून पुढे उभी राहिली. वादक आणि खुद्द शोनबर्ग पडद्याआड. पुढे लंडनमध्ये १९२२-२३ साली वॉल्टनचं 'फसाड' झालं, तिथे उलट प्रकार: कविता म्हणणारी ईडिथ सिटवेलच चित्रांच्या पडद्यामागे, पडद्याला भोक पाडून त्यातून बाहेर काढलेल्या कर्ण्यातून तिचा आवाज यायचा. बर्लिननं वादक लपवले, लंडननं बोलणारी लपवली. लोझाननं कुणालाच लपवलं नाही.

सात वाद्यांची निवडही बघण्यासारखी आहे. तंतुवाद्यांतलं एक उंच स्वराचं, एक खालचं: व्हायोलिन आणि डबल बेस. तसंच क्लॅरिनेट आणि बसून, कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन. सातवा तालवाद्यवाला. पूर्ण ऑर्केस्ट्राचा जणू सांगाडा. तालवाद्यं तर स्ट्राविन्स्कीनं लोझानच्या दुकानातून विकत आणून स्वतः वाजवायला शिकून घेतली. सुरुवातीच्या कूचगीतात डबल बेस ठेका धरून चालत राहतो, वरची धून मात्र मात्रा मोडत, लंगडत जाते. सैनिकाचे पाय रस्त्यावर, मन घरी. आणि त्याच चालीवर वाचक गोष्ट सुरू करतो. गावांची नावं घेतो ती तिथल्याच परिसरातली, दांझ आणि दनेझी.

पहिल्या प्रयोगातला हा वाचक होता एली गान्येबाँ. पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ! लोझानमधल्या तरुण मंडळींतून नट उभे केले होते, त्यातलाच हा. पत्त्यांच्या डावाचा प्रसंग येतो तेव्हा, इतका वेळ बाजूला बसून 'तो असं म्हणाला, तो तिकडे गेला' असं सांगणारा हा वाचक थेट सैनिकाशी बोलायला लागतो. हर, सगळा पैसा हर, म्हणजे सैतानाची पकड सुटेल, असं त्याला सुचवतो. गोष्ट सांगणारा गोष्टीत हात घालतो. तो मुळात वेगळा बसलेला आहे म्हणूनच या क्षणाला धक्का बसतो.

चित्रांचं म्हणाल तर लोझानचाच चित्रकार रने ओबेर्झोनवा याचे पडदे होते. मोजकेच प्रसंग दिसतात, बाकीची गोष्ट वाचक सांगतो. युरोपला चित्र दाखवून गोष्ट सांगणं नवं नव्हतंच. जर्मन मुलखातल्या बाजारात बाकावर उभं राहून, रंगवलेल्या फलकावर काठी टेकवत खुनाच्या आणि अपघाताच्या कहाण्या गाणारे लोक असत. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आहेत, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून पुढे करत, वाद्यांच्या साथीवर कथा सांगणारे. फरक असा, की तिथे चित्र, सूर आणि शब्द एका कुटुंबाच्या, कधी एकाच माणसाच्या हातात असतात, म्हणून जोड आपोआप बसते. लोझानमध्ये तिघं परके. जोड बसवायचं काम प्रेक्षकावर सोडलेलं.

शेवटाकडे ते फार स्पष्ट होतं. आजारी राजकन्येला सैनिक टँगो, वॉल्ट्झ आणि रॅगटाइम वाजवून बरी करतो. (रॅगटाइमची छापील स्वरलिपी मित्र अन्सर्मे अमेरिकेहून घेऊन आला होता. पहिल्या प्रयोगाचं संगीतसंचालन त्याचंच.) मग एक चर्चमधल्यासारखं गंभीर सामूहिक सुरांचं गाणं सुरू होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर थांबतात आणि त्या मोकळ्या जागेत वाचक बोलतो. सूर आणि शब्द आळीपाळीनं. नंतर सैनिक घराच्या ओढीनं हद्द ओलांडतो आणि सैतान त्याला धरतो. स्ट्राविन्स्कीनं पुढे सांगितलं होतं, व्हायोलिन म्हणजे सैनिकाचा आत्मा आणि ढोल म्हणजे सैतानी. अखेरच्या कूचगीतात व्हायोलिन हळूहळू विरत जातं आणि शेवटी एकटे ढोल उरतात. वाचकानं त्यावर चकार शब्द काढायचा नसतो.

हल्लीच्या मैफलींत वादकांच्या मागे मोठ्या पडद्यावर पावसाच्या सुरांना पाऊस आणि पहाटेच्या सुरांना सूर्योदय दाखवतात. आम्हाला ते खटकतं. जे कानानं कळलंय तेच डोळ्याला पुन्हा सांगितलं, तर डोळा जिंकतो आणि ऐकणं संपतं.

त्या प्रयोगाचं पुढे काय झालं? पहिला प्रयोग झाला, दौरा आखलेला होता, आणि इन्फ्लुएंझाची साथ आली. गावोगाव फिरायला बनवलेली गोष्ट एका रात्रीनंतर थांबली. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, स्ट्राविन्स्कीनं यातल्या पाच भागांची तीन वाद्यांसाठी मांडणी केली. व्हायोलिन, पियानो आणि राइनहार्टसाठी क्लॅरिनेट. ही आवृत्ती आजही बरीच वाजते, सुंदर आहे. तिच्यात वाचक नाही, सैतान नाही, चित्रं नाहीत आणि ढोलही नाहीत. ती संपते सैतानाच्या नाचावर. म्हणजे गोष्टीत सैनिक सैतानाला नाचवून नाचवून पाडतो, तिथेच. हद्द ओलांडण्याचा प्रसंग येतच नाही. नुसतं संगीत ऐकणाऱ्याला वाटेल, सैनिक जिंकला.

म्हणून घरी ऐकणार असाल तर वाचकासह असलेलं पूर्ण ध्वनिमुद्रण शोधा, फ्रेंच येत नसलं तर इंग्रजीतलं घ्या. आता प्रश्न घेऊ.