तृतीयपंथी, पारलिंगी, समलिंगी : शब्दांचा गोंधळ आणि त्याचा उलगडा

श्रीरामपूरच्या कवयित्री व सामाजिक कार्यकर्त्या दिशा पिंकी शेख यांना २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने प्रवक्तेपद दिले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एक पारलिंगी स्त्री राजकीय पक्षाची अधिकृत भूमिका मांडू लागली. 'पारलिंगी' हा शब्द मात्र अनेकांना अपरिचित वाटतो. सर्रास वापरला जातो तो 'तृतीयपंथी' हा शब्द, आणि त्यात परस्परांहून भिन्न अशा कितीतरी ओळखी एकत्र कोंबल्या जातात.

आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत की या दोहोंपलीकडचे, ही स्वतःविषयीची आंतरिक जाणीव म्हणजे लिंगभाव. आकर्षण कोणाविषयी वाटते, तो लैंगिक कल. जन्मवेळी नोंदविलेल्या लिंगाशी ज्यांचा लिंगभाव जुळत नाही, त्या पारलिंगी व्यक्ती. समलिंगी पुरुषाला पुरुषाचे आकर्षण वाटते, म्हणून त्याला स्त्री व्हायचे असते असे नव्हे. जन्मतःच शरीररचना ठरीव साच्यात न बसणे, म्हणजे इंटरसेक्स असणे, ही आणखी निराळी बाब. 'उभयलिंगी' हा शब्द तर कधी इंटरसेक्स व्यक्तींसाठी, कधी स्त्री-पुरुष दोघांचेही आकर्षण वाटणाऱ्यांसाठी योजला जातो. वनस्पतिशास्त्रात तो फुलांनाही लावतात! या साऱ्यांना सामावणारा 'क्विअर' हा शब्द इंग्रजीत एकेकाळी शिवी होता.

हिजडा ही केवळ लिंगभावाची ओळख नाही. गुरू-चेला नात्यावर उभा असलेला तो समाज आहे. सर्वच पारलिंगी स्त्रिया त्यात नसतात. यल्लम्माच्या जोगत्यांची परंपरा वेगळी. 'जोगवा' (२००९) या चित्रपटामुळे ती शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. जन्मवेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पारलिंगी पुरुष मात्र 'तृतीयपंथी' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढेही येत नाहीत.

आपली ओळख कोणी ठरवायची, हा यातील कळीचा प्रश्न. स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. तरीही जळगाव जिल्ह्यातील भादली येथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला प्रवर्गातून भरलेला अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना त्याच प्रवर्गातून लढण्याची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने रद्दबातल झाली. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

घरात मुलाने वा मुलीने असे काही सांगितले की पालक 'उपचार' शोधू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली. लैंगिक कल वा लिंगभाव बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हा वैद्यकीय गैरवर्तनाचा प्रकार असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. या विषयावर मराठीत वाचू इच्छिणाऱ्यांना, २००२ मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांची पुस्तके उपयोगी पडतील.

मराठीत एक अडचण पावलोपावली येते. 'आला' की 'आली', हे ठरविल्याखेरीज वाक्यच पुरे होत नाही. ती व्यक्ती स्वतःविषयी 'मी आले' म्हणते की 'मी आलो', हे ऐकून तेच रूप वापरावे. (कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी आलो' म्हणतात, हा भाग निराळा.) शंका असल्यास सरळ विचारावे. पूर्वीचे नाव आणि शस्त्रक्रिया यांची चौकशी मात्र टाळावी.