मूळचे कुठले?

हुबळीच्या केशवापुरात ख्रिस्ती घर म्हटलं की लोक आधी गोवा धरतात, नाहीतर मंगळूर. त्याला कारण आहे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं हुबळीला वर्कशॉप उभारलं आणि त्याच दशकाच्या शेवटी मुरगाव बंदराची लाइन कॅसलरॉकचा घाट चढून येऊन तिला मिळाली. त्या लाइनीनं गोव्याची माणसं नोकरीधंद्यासाठी वर आली आणि इथलीच झाली. आजही आमच्या चर्चच्या यादीत डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही नावं पानोपानी दिसतात. आमचं आडनाव मात्र नगरकडचं, गावठी मराठी. त्यामुळे मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात नवीन कुणी भेटलं की नाव विचारून झाल्यावर हमखास दुसरा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?"

माझी आजी केंदळची. नगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात हे गाव आहे. जेझुईट फादरांनी नगर जिल्ह्यातलं काम सुरू केलं ते तिथून, १८७८ च्या सुमाराला. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खन पोळून नुकताच सरत होता. त्या दुष्काळात आजीची आजी लहान पोर होती, आणि तिनं सांगितलेल्या गोष्टी आजीनं जशाच्या तशा मला सांगितल्या. महारवाड्यातल्या बायका विहिरीपासून लांब घागर घेऊन उभ्या राहायच्या. कुणाला दया आली की तो वरून ओंजळभर ओतायचा. एके दुपारी एक गोरा फादर घोड्यावरून महारवाड्यात आला, दारात उतरला आणि पाणी मागितलं. घरातली बाई घाबरली. तिनं आपली जात सांगितली. फादरनं मान हलवली, तिच्या हातचा गडवा घेतला, तोंडाला लावून प्यायला आणि तिच्या हातात परत दिला. सगळा महारवाडा दारात उभा राहून बघत होता.

पुढे गावानं म्हटलं, भाकरीसाठी बाटले. हे बोलणं पिढ्यानपिढ्या आमच्या मागं आलं. लहानपणी मीही आजीला विचारलं होतं, खरंच भाकरीसाठी का? आजी रागावली नाही. म्हणाली, "पोरी, भाकरी तर सरकारच्या दुष्काळी कामावरही मिळत होती. खडी फोडायची, भाकरी खायची. आमच्या हातचं पाणी मात्र कुणी पीत नव्हतं."

याच राहुरीत लक्ष्मीबाई टिळक राहिल्या, तिथंच १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा पंथ प्रॉटेस्टंट, आमचा कॅथलिक. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी आपलं सोवळं कसं सुटत गेलं ते मोकळेपणानं लिहून ठेवलं. ते मराठीनं वाचलं, डोक्यावर घेतलं. ब्राह्मणघरातली बाई वरून एकेक पायरी उतरत आली, तिचं पुस्तक झालं. त्याच तालुक्यात महारवाड्यातल्या बायका एकेक पायरी चढत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांचं पुस्तक झालं नाही. त्यांच्या गोष्टी आजीकडून नातीकडे आल्या, आणि नातीनं लक्ष दिलं नसतं तर तिथंच संपल्या असत्या.

लिहितावाचता येणं हे मिशनच्या शाळेनं दिलं. आजीचे वडील शाळेत शिकले आणि घरात 'निरोप्या' यायला लागला. हे मासिक हेन्री डोरिंग या जर्मन जेझुईट फादरांनी १९०३ साली सुरू केलं. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना भारताची दारं बंद झाली. ते जपानात हिरोशिमाला गेले, तिथं काही वर्षं काम केलं आणि १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला आले. आजीच्या वडिलांना या बिशपसाहेबांचं फार कौतुक. दिवेलागणीनंतर ते कंदिलाशी बसून 'निरोप्या' मोठ्यानं वाचायचे आणि शेजारपाजारच्या बायका ऐकायला यायच्या. पाळी आली की मुलीलाही वाचायला लावायचे. आजी अडखळली तर म्हणायचे, "थांबू नको, सगळ्यांना ऐकू येईल असं वाच." आजीचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता.

१९५३ मध्ये आजी लग्न होऊन हुबळीला आली. आजोबा वर्कशॉपमध्ये फिटर. राहुरीहून दौंड, दौंडहून पुणे, तिथून मीटरगेजनं मिरज आणि लोंढ्यावरून हुबळी. निघाली तेव्हा केंदळ आणि हुबळी दोन्ही पुणे धर्मप्रांतात होती. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव धर्मप्रांत वेगळा झाला आणि आजी न हलता दुसऱ्या बिशपच्या छत्राखाली गेली. तीनेक वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, मुंबई राज्यातला आमचा धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बाजारात कन्नड, क्वार्टरमध्ये मराठी, चर्चमध्ये लॅटिन. तिन्ही ठिकाणी आजी निभावून न्यायची.

लॅटिन मिस्सेचं ती सांगायची तेव्हा मला नवल वाटायचं. फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोकांकडे पाठ. उत्तरं द्यायची ती वेदीसेवक मुलांनी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि बाईच्या डोक्यावर पदर हवाच. १९१७ च्या धर्मनियमांत तसं लिहिलेलंच होतं. मागच्या बाकांवरच्या बायकांना वेदीवरचं काही कळायचं नाही, म्हणून त्या आपापली जपमाळ ओढत बसायच्या. मागच्या बाकांवर कोण बसायचं, हे आजीनं मला फार उशिरा सांगितलं. लिहिलेला नियम नव्हता. पण पुढच्या बाकांवर कुठली घराणी बसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजी आल्या दिवसापासून मागं बसली. जात समुद्रकाठच्या चर्चमध्येही होती. गोव्यातल्या काही कोंफ्रारियांत, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांत, जात बघूनच माणूस घ्यायचे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जे धुऊन जायला हवं होतं, ते माणसांनी जपून ठेवलं.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीला, फादर लोकांकडे वळले आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. इथं लोकांची भाषा कन्नड. आजी कन्नड प्रार्थना पाठ करून म्हणायला शिकली. घरात मात्र माळ मराठीतच, 'नमो मरिया'चे मणी बोटांखालून सरकवत. १९८३ च्या नव्या धर्मनियमांत पदराची सक्ती राहिली नाही, पण आजीनं पदर सोडला नाही. तो तिनं आता आपल्या खुशीनं घेतला होता.

आत्या सत्तरच्या दशकात मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल साऱ्या मुलखाला माहीत होतं. परक्याची घाण काढायची म्हणून बऱ्या घरच्या मुली तेव्हा या कामाला धजत नसत. ख्रिस्ती मुली गेल्या आणि त्यांनी हे काम शिकून त्याला मान मिळवून दिला. आत्या हुबळीत नोकरीला लागल्यावर आसपासच्या चार घरांतून रात्रीअपरात्री बोलावणं यायचं. कुणाच्या बाळाला ताप, कुणाच्या म्हाताऱ्याला इंजेक्शन. आत्या जायची, सुई उकळून घ्यायची, काम करायची. त्यातल्या एका घरी तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा आणि तो कप मोरीच्या खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. तिची सुई शिरेत चालायची, तिचा हात कपाला चालायचा नाही. आत्या तो चहा प्यायची नाही. "आत्ताच झाला" म्हणून निघायची, आणि पुढच्या वेळी बोलावणं आलं की पुन्हा जायची. मी विचारलं, का जायचीस? म्हणाली, "ताप बाळाला होता ना."

मीही नर्स. रात्रपाळीत वॉर्डातले दिवे मंद झाले की खरं काम सुरू होतं. पक्षाघात झालेल्या एखाद्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. कंबरेचं हाड टेकतं तिथं बोटानं दाबून बघायचं. लाली हटली तर ठीक, नाही हटली तर जखम यायला निघालेली असते. मग तो भाग मोकळा ठेवायचा, पाठीशी उशी लावायची आणि वहीत वेळ लिहायची. पहाटे आजोबा डोळे उघडून "अक्का" म्हणतात. त्या वेळी त्यांना माझं मूळ गाव माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही.

अडतं ते दिवसाउजेडी. मागे मला एक स्थळ आलं होतं. कॅथलिकच माणसं, शिकलेली, चर्चला नियमानं जाणारी. आईनं नाताळासारखी तयारी केली होती. मुलाची आई माझी नोकरी, पगार, पाळ्या सगळं ऐकत होती, हसून बोलत होती. मग आडनावावर आली. मूळचे कुठले? बाबा म्हणाले, नगर जिल्हा. तिथं कुठं? बाबा म्हणाले, केंदळ. त्यांना केंदळ माहीत असावं. बशीतला लाडू तसाच राहिला आणि निरोपही आला नाही. नंतर बरेच दिवस मी आरशात स्वतःला त्यांच्या नजरेनं बघत होते. रंग, नाक, बोलणं, सगळ्यात उणं दिसायला लागलं. चर्चला गेले तरी मागच्या बाकावर बसायचे आणि मिस्सा संपायच्या आत निघायचे. आपण कमी आहोत हे दुसऱ्यानं सांगितलं तर राग येतो. ते आपणच आपल्याला सांगायला लागलो की राग यायचाही बंद होतो, आणि ते जास्त वाईट.

आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिनं मला योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचायला लावला. फिलिप नथनेलला येशूबद्दल सांगतो तेव्हा नथनेल विचारतो, नासरेथमधून काही चांगलं निघू शकतं का? "बघ," आजी म्हणाली, "प्रभूलाही मूळ गावच विचारलं." फिलिप वाद घालत नाही. तो एवढंच सांगतो की ये आणि बघ. हा अध्याय मी कितीदा ऐकला असेन, पण हा प्रश्न आपल्या घरचा आहे हे मला तोवर दिसलं नव्हतं. आणि मरिया? त्याच नासरेथची मुलगी. दीनांना देव उंच करतो, असं स्तोत्र लूकच्या पहिल्या अध्यायात तिच्याच तोंडी आहे. ज्या गावाचं नाव ऐकून लोकांनी नाक मुरडलं, ते गाव देवानं आपल्या घरासाठी निवडलं. माझी श्रद्धा आज यावर उभी आहे. देवानं मला घडवलं तेव्हा त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, आणि माझी किंमत ठरवायचं काम त्यानं कुणावर सोपवलेलंही नाही.

सरकारी कागदांत आमची गोष्ट आणखी वेगळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे कागद म्हणतो, तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्हाला जात नाही. लग्नाच्या बैठकीत मात्र जात बरोबर सापडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. चर्चनंही डोळे उघडले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली गेल्याचं मान्य केलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित घरातून आलेले ते पहिले कार्डिनल. ती बातमी आली तेव्हा बाबांनी ती दोनदा वाचली.

जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मनियम बदलून वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांची दारं स्त्रियांना रीतसर उघडली. वाचन तर बायका आधीपासून करतच होत्या, आता त्याला नियमाचं बळ आलं. रविवारी माझी पाळी नसेल तेव्हा मी पहिलं वाचन करते. त्यासाठी पुढं बसावं लागतं. मी पुढं बसते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचते. कुणी मूळ गाव विचारलं तर आता 'नगर जिल्हा' म्हणून थांबत नाही. केंदळ सांगते, महारवाडा सांगते, पाण्याच्या गडव्याची गोष्टही सांगते. लपवलं की ते दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतं. सांगितलं की तो आपला इतिहास होतो.

माझ्या धर्मग्रामातल्या, आणि बाहेरच्याही, आईबापांना एक विनंती आहे. मुलगी बघायला जाल तेव्हा तिला तिचं काम विचारा, ती काय वाचते ते विचारा, दुखणाईताजवळ ती रात्रभर जागू शकते का ते विचारा. मूळ गाव विचारायचंच असेल तर पुरतं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत बसा. समोरचा लाडूही खा.